पेडल दोनदा खाली जातं

काइबारिएन, ११ फेब्रुवारी २०१९

एवेलिओ,

तुझी चिठ्ठी मिळाली. विमानानं सामानाची ने-आण करणाऱ्या यामिस्लेइदीनं ती साबणाच्या खोक्यातून आणली, त्यामुळे तिला वास छान येत होता. मजकूर मात्र तुझाच होता. "तो माझ्यासाठी आला नाही, मी त्याच्यासाठी येणार नाही." एवढी एक ओळ लिहायला माझ्या सख्ख्या भावाला सहा आठवडे लागले. समुद्रापलीकडे तुझ्या हायालिआत शाई महाग झालीय का?

मी काही जगावेगळं मागितलं नव्हतं. पुरून दोन वर्षं झाली, म्हणून म्हाताऱ्याला, आपल्या पापाला, जमिनीतून काढलं. सगळ्यांनाच काढतात, आईलाही काढलं होतं, तेव्हा तू माझा हात धरून उभा होतास. आता त्याची हाडं पेटीत आहेत आणि पेटी दफनभूमीच्या कोठीत फळीवर. तीस मार्चला, शनिवारी सकाळी अकरा वाजता, ती आईच्या कोनाड्यात ठेवून वर दगड बसवायचा. आईचा दगड म्हाताऱ्यानं आणि तू उचलला होता. म्हाताऱ्याचा दगड तू आणि मी उचलायचा. परक्याचा हात मी त्याला लावू देणार नाही, मग माझी पाठ मोडली तरी चालेल.

तू त्याच्यावर रागावलायस हे मला माहीत आहे. चौऱ्याण्णवच्या ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं मिळून समुद्रातून देश सोडून जाणार होतात, तू तराफ्यापाशी थांबलास आणि तो पोहोचला नाही. पुढच्या वर्षी तू फोन केलास तेव्हा त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की भीती वाटली. त्यानंतर तू त्याच्याशी एक अक्षर बोलला नाहीस. यातलं काही मी नाकारत नाही. फक्त एवढंच सांगते की त्या दिवशी गाडी बिघडली होती. खरंच बिघडली होती.

गाडी अजून आहे. बावन्न सालची, तीच हिरवी, आता मी तिला पिवळी केलीय. माणसं भरून रेमेदिओसच्या फेऱ्या मारते. बाई गाडी हाकते म्हणून सुरुवातीला लोक नाकं मुरडायचे, आता रांगेत माझ्याच गाडीसाठी थांबून राहतात. पण सध्या क्लचनं पिडलंय. क्लच सुटत नाही, गिअर टाकला की आतून कुणी दात खातंय असा आवाज येतो. दुरुस्त करते आणि पुन्हा लिहिते.

तीस मार्च. लक्षात ठेव.

एनेइदा


२४ फेब्रुवारी

एवेलिओ,

यामिस्लेइदी पुढच्या आठवड्यात निघते, तोवर हे पत्र उशीखाली राहील.

क्लचचं तुला सविस्तर सांगते. तू आता तिकडे बेकरीत पाव भाजतोस, पण एके काळी गाडीखाली माझ्या आधी तू सरपटायचास. गिअरबॉक्स उतरवला. एकटीनं नाही, ओरेस्तेस आला होता. तोच तो, शाळेत तुझ्या डब्यातली केळी चोरायचा. आता तो या पट्ट्यातला मोठा मेकॅनिक समजतो स्वतःला. प्लेटचं लायनिंग काचेसारखं गुळगुळीत झालं होतं. बंद पडलेल्या साखर कारखान्यातल्या वाहक पट्ट्याचा तुकडा कापून नवं लायनिंग केलं, तांब्याच्या तारेच्या रिवेट मारल्या. बेअरिंग रशियन ट्रकचं बसवलं, थोडं घासून. सील गळत होतं, तेही बदललं. सगळं जोडून पाहिलं, तर जैसे थे.

मग दोष सापडला. पेडलचा दांडा आणि फोर्कचा दांडा जोडणारी पिन. म्हाताऱ्यानं स्वतः लेथवर केलेली, त्याच्या खुणेचे ते तीन ठिपके पंचनं मारलेली. चोवीस वर्षांत इतकी झिजली होती की मधेच बारीक झाली होती. पेडल दाबावं तर निम्मा जोर त्या पिनेच्या खेळातच जिरायचा.

"अशी पिन आता कुठून आणशील?" ओरेस्तेस म्हणाला. "तुझ्या म्हाताऱ्याला उठव आणि करून घे."

मी हसले. आणि मग एक गोष्ट आठवली, जी मागच्या पत्रात लिहिली नव्हती.

म्हाताऱ्याला काढलं त्या दिवशी क्रेसेन्सिओनं हाडं एकेक करून कपड्यावर मांडली. आपला तोच क्रेसेन्सिओ, खड्डे खणणारा. म्हातारा तपकिरी कोटातच पुरलेला होता, त्याचा हट्ट होता तसा. कोटाचं हातात येताच पीठ होत होतं. त्यातून क्रेसेन्सिओनं एक सळी उचलली, करंगळीएवढी लांब, पेन्सिलीएवढी जाड, नुसत्या मातीनं माखलेली.

"हे लोखंड आहे. पायातलं असेल," म्हणाला, आणि माझ्या हातात दिली.

मीही तेच समजले. एक्याऐंशी साली कारखान्यात साखळीत पाय गेला तेव्हा डॉक्टरनं त्याच्या मांडीत स्टील घातलं होतं, हे तुला माहीतच आहे. ती मी रुमालात बांधून घरी आणली आणि आईच्या फोटोपुढे, पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवली.

ओरेस्तेस गेल्यावर ती घेतली, एका बाजूची माती पुसली. गंज नाही. एका टोकाला, सळी निसटू नये म्हणून घालतात त्या कॉटर पिनेपुरतं भोकही होतं. दांड्यात घालून पाहिली. एवेलिओ, ती अशी बसली की जणू त्या भोकासाठीच जन्मली होती. घासावी लागली नाही, ठोकावी लागली नाही.

मला ठाऊक आहे तू काय म्हणशील. पण तू इथे राहिला असतास तर तूही हेच केलं असतंस. इथे स्टील जमिनीतून निघालं की आधी ते कुठे बसेल हे बघतात, रडतात मागाहून. म्हाताऱ्यालाही ते आवडलं असतं, असं मी स्वतःला सांगितलं.

क्लच लोण्यासारखा चालतोय.

एनेइदा


६ मार्च

मागचं पत्र यामिस्लेइदीनं नेलं. हे पुढच्या खेपेला जाईल, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

दुपारी तीनच्या फेरीला मी रेमेदिओसहून परत येते. उवेरोचा फाटा लागतो, जिथून कच्ची वाट समुद्राकडे, तुझा तराफा सुटला त्या द्राक्षझाडांच्या खाडीकडे वळते. सोमवारी तिथे आल्यावर इंजिन अचानक मोकळं ओरडायला लागलं आणि गाडी नुसती घरंगळू लागली. म्हटलं, लायनिंग घसरतंय. एक्सिलेटर सोडला, पुन्हा दिला, ठीक झाली.

मंगळवारी पुन्हा तिथेच. त्या दिवशी शेजारच्या सीटवर ओर्तेन्सिया बसली होती, मांडीवर नातवाच्या वाढदिवसाचा केक, निळ्या साखरेचा. तुला आठवते ना ओर्तेन्सिया? मेलेल्यांना पाणी ठेवणारी, आपल्या आईशी गप्पा मारणारी, आई गेल्यावरही.

तिनं खाली पाहिलं आणि म्हणाली, "एनेइदा, तुझा डावा पाय कुठे आहे गं?"

माझा डावा पाय सीटखाली दुमडलेला होता. सपाट रस्त्यावर मी तसाच ठेवते.

पेडल खाली गेलं. वर आलं. पुन्हा खाली गेलं.

ओर्तेन्सियानं केक घट्ट धरला आणि अगदी सहज आवाजात आपल्या म्हाताऱ्याला म्हणाली, "कासिमिरो, सावकाश हं. केक आहे."

दोनदा क्लच दाबायची सवय कुणाची होती, हे तुला मी सांगायला नको. जुना गिअरबॉक्स, त्याला दोनदा दाबल्याशिवाय गिअर मानवत नाही म्हणून म्हातारा प्रत्येक वेळी दोनदा दाबायचा. मला आणि तुला शिकवायचा तेव्हा गुडघ्यावर टिचकी मारून म्हणायचा, "एकदा मोटारीसाठी, एकदा माझ्यासाठी."

आज ओरेस्तेसला नेलं. मी काही सांगितलं नाही, म्हटलं, क्लच घसरतोय, तू चालवून बघ. तो सगळा वेळ मला टोमणे मारत होता, बायकांनी गाडीत फक्त मागे बसावं वगैरे. फाट्यावर आल्यावर त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला.

"काय झालं?"

"माझा पाय पेडलवर होता," म्हणाला. "माझ्या पायावर कुणीतरी पाय ठेवला."

आणि तो घरी चालत गेला. नऊ किलोमीटर. ओरेस्तेस संडासलाही गाडी काढून जातो, हे तू जाणतोस.

मी एकटीनं गाडी आणली. अंगणात येऊन पेडलच्या रबरावरून हात फिरवला, तर वाळू हाताला लागली. पांढरी, बारीक, ओली. त्या खाडीतली. पंचवीस वर्षांत मी त्या खाडीकडे एकदाही गेलेली नाही.

भीती वाटते, एवेलिओ. तुझ्याशी खोटं बोलत नाही. आणि तरी रोज तीनची फेरी मी चुकवत नाही.

एनेइदा


१४ मार्च

यामिस्लेइदी लगेच जाऊन आली, तुझं उत्तर आलं. या वेळी तीन ओळी, प्रगती आहे. "तुझ्या भुताच्या गोष्टी पुरे. त्यानं स्वतः कबूल केलं होतं की तो घाबरला. तू कशाला झाकतेस?"

तर ऐक, काय झाकतेय ते.

तो आला होता.

त्या दिवशी म्हातारा दीडला निघाला. तराफा तीनला सुटणार होता. फाट्यापर्यंत गाडी पोहोचली आणि तिथे क्लच गेला. पिन नव्हती, तिच्या जागी त्यानं घाईघाईत घातलेला खिळा होता आणि तो खिळा तिथे कापला गेला. पेडल जमिनीला टेकलं. त्यानं ते हातानं वर ओढून दोनदा दाबून पाहिलं असणार, मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मग गाडी सोडली आणि त्या पायानं, ज्याच्या मांडीत स्टील आहे, कच्च्या वाटेनं चार किलोमीटर धावला. धावला म्हणजे त्याला जमेल तसा. खाडीवर पोहोचला तेव्हा तुम्ही पाण्यावर ठिपक्याएवढे झाला होता. त्यानं शर्ट काढून हलवला. तू पाहिलं नाहीस. कुणी मागे पाहत नाही अशा वेळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात आला. एका पायात बूट नव्हता. मी त्याचे पाय मिठाच्या पाण्यात धुतले. तेव्हा त्यानं मला हे सांगितलं, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

आता तू विचारशील, मग फोनवर भीती वाटली असं का म्हणाला? मला माहीत नव्हतं. खरंच, देवाशपथ, त्या दिवशी तो फोनवर खोटं का बोलला हे मला कळलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात उभी होते आणि त्याचं ते "भीती वाटली रे पोरा" ऐकून मला राग आला होता. मी मधे बोलायला हवं होतं. नाही बोलले.

का नाही बोलले, ते अजून या पत्रात लिहिता येत नाही. पेन उचलते आणि ठेवते.

क्लच आता फाट्यावरच नाही, गावातही दाबला जातो. काल चौकात, खेकड्याच्या पुतळ्यापाशी. पेडल दोनदा खाली गेलं आणि गाडी आपोआप उवेरोच्या दिशेला घरंगळू लागली. उतार नाही तिथे. मी ब्रेकवर दोन्ही पायांनी उभी राहिले. मागे बसलेली मास्तरीण म्हणाली, "पोरी, त्याला जिकडे जायचंय तिकडे एकदा घेऊन जा. आम्ही उतरतो." आणि सगळे खरंच उतरले, भांडण न करता, भाडं देऊन.

मी गेले नाही. गाडी वळवली, घरी आणली आणि चाकाखाली दगड लावले.

उद्या क्रेसेन्सिओकडे जाते. पायातली सळी पायात परत ठेवते. म्हाताऱ्याचं जे काय असेल ते त्याला मिळू दे, आणि मला माझा क्लच.

एनेइदा


२१ मार्च

एवेलिओ,

हे पत्र बसून वाच.

पिन काढली, रुमालात घेतली आणि दफनभूमीत गेले. पंधरा तारखेला जाणार होते, पण सहा दिवस पाय उचलला नाही. क्रेसेन्सिओ झाडाखाली टरबूज खात होता.

"पेटी उघड," मी म्हटलं.

"आता? बाई, ती पेटी आहे, तुझा शिवणाचा डबा नाही."

"त्याची एक वस्तू माझ्याकडे राहिलीय. ती आत ठेवायचीय."

कुरकुरत उठला, पण उठला. झाकण काढलं, वरचं पांढरं कापड बाजूला केलं. डाव्या मांडीचं हाड त्यानं हातात घेतलं आणि मला दाखवलं. आतून आरपार स्टीलची नळी होती, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढी. हाडात घट्ट. कुठे काही तुटलेलं नाही, काही सुटलेलं नाही.

"मग हे तू मला कशातलं म्हणून दिलंस?" मी रुमाल उघडला.

त्यानं ती सळी उन्हात धरून पाहिली. "मी म्हटलं पायातलं असेल. असेल म्हटलं, आहे म्हटलं नाही. ही मला इथे मिळाली," आणि त्यानं स्वतःच्या छातीवर डावीकडे हात ठेवला. "कोटाच्या आतल्या खिशाच्या जागी. चिंधी होती, जाड दोऱ्याची शिवण होती आणि आत ही."

तो कोट मीच म्हाताऱ्याला घातला होता. आतला खिसा त्यानं कधीतरी शिवून टाकला होता, दोऱ्याचे आठ-दहा फेरे घालून. मला वाटलं, फाटला असेल म्हणून शिवला. शेवटच्या महिन्यात मला चारदा तरी म्हणाला होता, "काडे, मला तपकिरी कोटच घाल हं. दुसरा घातलास तर उठून बसेन." मी हसले होते.

मी तिथेच पदपथावर बसले आणि पिनेची दुसरी बाजू थुंकी लावून पुसली, जी मी घरी पुसली नव्हती. तीन ठिपके.

आता ते लिहिते. अठरा ऑगस्टला रात्रभर तुम्ही दोघं मागच्या दारी कुजबुजत होता. तुम्हाला वाटलं मी झोपलेय. तू म्हणालास, "आणि काडी?" म्हातारा म्हणाला, "तिला मावशीकडे ठेवू. जम बसला की बोलावू." तू काही बोलला नाहीस. मी एकोणीस वर्षांची होते, आई नव्हती, आणि माझे दोन्ही पुरुष मला मागे टाकून चालले होते. मला कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंसुद्धा नाही. सकाळी तू निघून गेलास, सामान लावायला. म्हातारा अंघोळीला गेला तेव्हा मी गाडीखाली सरपटले, कॉटर पिन उपटली, पिन बाहेर काढली आणि अंगणातल्या पाण्याच्या हौदात टाकली. तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. मला वाटलं, एक तरी राहील.

दीड वाजता तो बाहेर आला, माझ्या डोक्यावर ओठ टेकवले आणि म्हणाला, "एक चक्कर मारून येतो." पेडल सैल लागलं, खाली वाकला, शिवी हासडली, खिळा घातला आणि गेला. मी पायरीवर बसून त्याची वाट पाहिली. मला लाज वाटत होती, आणि आनंदही झाला होता. दोन्ही खरं आहे.

आता हे नीट वाच. पंच्याण्णवच्या मार्चमध्ये त्यानं हौद रिकामा करून घासला. मी कपडे वाळत घालत होते. तो आतून वर आला आणि हौदाच्या कडेवर पाय आत सोडून बसला. एका हाताची मूठ मिटलेली होती. दुपारचं जेवला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "काडे, कॉफी कर." बस, तेवढंच. आठ दिवसांनी तुझा फोन आला. तू त्याला विचारलंस, का नाही आलास? आणि तो म्हणाला, भीती वाटली.

क्लच गेला असं सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, कसा? पिन पडली म्हटलं असतं तर तू हसला असतास. कॉटर लावलेली पिन आपोआप पडत नाही, हे तुला त्यानंच शिकवलं होतं. मग तू विचारलं असतंस, कुणी काढली? घरात दोनच माणसं होती. त्याला माझं नाव घ्यावं लागलं असतं, किंवा स्वतःचं. त्यानं भित्रेपणाचं नाव घेतलं आणि तुला मुकला. मी तुला मुकू नये म्हणून. गाडीत ती पिन परत बसवली असती तर मला कळलं असतं की त्याला कळलंय, म्हणून त्यानं दुसरी केली आणि ही खिशात शिवून बावीस वर्षं छातीशी बाळगली. गावच्या सणाच्या मिरवणुकीला, लोकांच्या लग्नांना, मोर्च्याला, दरवेळी तोच तपकिरी कोट. मी त्याला म्हणायचे, पापा, दुसरा घाला, लोक हसतात.

आणि मी? बावीस वर्षं त्याच्या ताटात भात वाढला आणि एकदाही तोंड उघडलं नाही. तुझा राग मी त्याच्या माथ्यावर राहू दिला. तो राग माझा होता, एवेलिओ. तो माझा आहे. आजपासून मला दे.

क्रेसेन्सिओनं विचारलं, "मग ही ठेवायची का आत?"

मी नाही म्हटलं. ती पेटीत ठेवायची की नाही, हे माझं ठरवायचं काम नाही. एकदा मी ठरवलं, तेवढं पुरे झालं.

पिन या पत्राबरोबर पाठवतेय. यामिस्लेइदीला सांगितलंय, केसांच्या पिनांबरोबर बांध, विमानतळावर कुणी विचारणार नाही. पुसू नकोस. ठिपके बघ. पाहिजे तर घेऊन ये, पाहिजे तर तिकडच्या समुद्रात टाक, मी एक शब्द बोलणार नाही. गाडी तोवर अंगणात उभी राहील. पिनेऐवजी दुसरं काही मी तिच्यात घालणार नाही, खिळा तर नाहीच. पेडल सुटून जमिनीला टेकलंय.

एनेइदा


२२ मार्च, सकाळ

यामिस्लेइदी फाटकात उभी राहून ओरडतेय, तिची बस सुटेल म्हणून. दोन ओळी लिहूनच पाकीट बंद करते.

सकाळी कॉफी केली, पहिला घोट त्याच्यासाठी अंगणात ओतला आणि गाडीचं दार उघडलं. पेडल वर होतं.

परतीची स्प्रिंग त्र्याण्णवपासून नाही, हे तुला माहीत आहे. दांडा जोडलेला नसेल तर ते पेडल वर राहूच शकत नाही. मी खाली सरपटून पाहिलं. दांडा लोंबत होता, भोक रिकामं. चाकांखालचे दगड कुणीतरी काढून ओळीनं भिंतीशी लावले होते, म्हातारा लावायचा तसे. पेडलच्या रबरावर ओली वाळू होती.

मी हातानं ते खाली दाबलं आणि सोडलं. ते वर आलं. मग मी हात काढून मागे सरकले. ते पुन्हा एकदा खाली गेलं, आपलं आपण, आणि वर येऊन थांबलं.

मला आता भीती वाटत नाही. फक्त एवढं कळतंय की त्याला खाडीवर एकट्याला जायचं नाहीये.

म्हातारा गाडीत बसलाय, एवेलिओ. पिन तुझ्याकडे आहे.

तुझी बहीण,
काडी